गंध लागलेला आरसा

माझ्यात बघून आजवर कोणी भांग पाडलेला नाही, तरीही मित्रांनो, मी एक जुना आरसाच आहे. तळहाताएवढा, किंचित खोलगट आणि स्वभावाने भित्रा. कारखान्यात मला कित्येक दिवस घासलं, वर चकचकीत मुलामा चढवला आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत धाडलं. तिथे लेसरचा झोत एका बिंदूवर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. अंगावर धुळीचा कण बसला तरी माझा जीव टांगणीला लागे. त्या प्रखर झोतात कण जळतो आणि आपल्याबरोबर मलाही जाळतो.

माझा झोत रेणूवर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडून जाई. बाकावरून एकाला उठवलं की बाकीचे सरकतात आणि रिकामी जागा दुसऱ्या टोकाला जाते ना, तसंच रेणूतही होतं. पण इतक्या झटकन, की अणूंना जागचं हलायलाही सवड मिळत नाही. ती रिकामी जागा सरकताना टिपायची, असा स्वराली नावाच्या संशोधक मुलीला ध्यास होता. तिची शिष्यवृत्ती दिवाळीला संपणार होती.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. प्रमुख श्रीनिवास सर स्वतः मार्केट यार्डातून झेंडू आणतात. एरवी ते माझ्या पेटीच्या झाकणाला गंध लावत. गेल्या वर्षी त्या सकाळी मात्र स्वरालीने झोत जुळवायला झाकण काढून ठेवलं होतं. सरांनी डोळे मिटून हात जोडले आणि सवयीने बोट पुढे केलं. ओलं गंध थेट माझ्या काठावर लागलं.

"सर," स्वराली म्हणाली, "त्या नव्या विद्यार्थ्याने, अभिनवने, या आरशावर नुसतं वाकून पाहिलं, तर आपण त्याला आठवडाभर दाराबाहेर ठेवलंत."

"मला महिनाभर ठेव. आधी हे पुसता येईल का, सांग."

"पुसलं तर चरे पडतील. आपणच शिकवलंय."

नवा आरसा परदेशातून यायला सहा महिने लागणार होते. स्वरालीने माझ्यावरच झोत सोडायचं ठरवलं. मला फार भीती वाटली. पहिल्याच दिवशी गंध जळून काळा डाग पडला आणि मग तो रोज थोडा थोडा मध्याकडे सरकू लागला. मध्यावर पोहोचला की प्रयोग संपलाच. स्वराली रोज सकाळी टॉर्च लावून मला न्याहाळी. सर दारातच उभे राहत, हात पाठीमागे घट्ट बांधून.

"किती सरकला?" एवढंच विचारत.

दिवाळी तोंडावर आली असताना संगणकाच्या पडद्यावरची, इतके दिवस सरळ जाणारी मोजमापाची रेघ एकदाची वळली.

"सर, जागा सरकताना दिसली," ती म्हणाली. सर स्टुलावर बसले.

डाग मध्यावर आला तेव्हा मला उतरवलं. माझं काम संपलं याचं वाईट वाटलं, पण तिचं झालं होतं.

यंदा खंडेनवमीला सरांनी मला कपाटातून काढलं आणि गंध, अक्षता, झेंडू सगळं मलाच वाहिलं. नव्या आरशाच्या पेटीला कुलूप होतं. मित्रांनो, माया असली तरी सगळ्यालाच हात लावायचा नसतो. काही गोष्टी लांबूनच जपायच्या असतात. मान मिळाला म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण डोक्यावर अक्षता पडत असतानाही माझं सगळं लक्ष त्या कुलपाकडे होतं.