केबिनवरचं दातकोरणं

मित्रांनो, त्या लहानशा मासेमारी होडीच्या केबिनवर उभी असलेली पांढरी कांडी दिसते ना? तोच मी, वायरलेसचा जुना अँटेना. माझी उंची शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाएवढी. पण माझ्यामुळे एक माणूस समुद्रावरून सुखरूप घरी आला आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही.

कारखान्यात तांब्याच्या तारेवर पांढरं कवच चढवून मला घडवलं. दुकानात माझ्या शेजारी एक लंबूटांग अँटेना उभा होता. एके दिवशी माझे मालक आणि मालकीणबाई आले. मालकांनी आल्या आल्या त्या लंबूटांगावरच हात ठेवला. त्यांच्या थोरल्या भावाच्या मोठ्या बोटीवर तसाच होता ना! धाकट्याने का मागे राहायचं?

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, पण आपली होडी केवढी हलते!"

दुकानदार हसले. "वहिनींचं बरोबर आहे. हा लांबडा म्हणजे बॅटरीचा झोत. लांब जातो, पण होडी कलली की कधी पाण्यात, कधी आभाळात. हा छोटा म्हणजे कंदील. फार लांब नाही जाणार, पण कलला तरी चहूकडे उजेड."

मालकीणबाईंनी मला उचललं. मालकांचा चेहरा पडला. धक्क्यावर थोरल्या भावाने मला पाहताच विचारलं, "हे दातकोरणं कुठून आणलंस रे?" सगळा धक्का खो खो हसला. मालक इतके ओशाळले, की त्यांनी मला केबिनच्या मागे, खाली, कुणाला दिसणार नाही असं बसवलं. वर माझ्यावर ओले शर्ट वाळत घातले! आम्हा अँटेनांना उंच जागा लागते, मित्रांनो. शर्टांच्या आडून मी काय कप्पाळ बोलणार?

मालकीणबाई धक्क्यावरच्या बर्फाच्या गोदामात कामाला होत्या. तिथल्या वायरलेसवर आमचा आवाज पोहोचेना, तेव्हा त्या स्वतःच होडीवर चढल्या आणि ओले शर्ट मालकांच्या हातात ठेवले.

"लोक हसले तर हसू देत. मला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. याला आत्ताच्या आत्ता टपावर चढवा."

मालक निमूटपणे शिडी आणायला गेले.

त्याच हंगामात एकदा होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला आणि इंजिन बंद पडलं. वारा आम्हाला खडकांकडे ढकलू लागला. होडी या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. मालक घाबरून वायरलेसवर ओरडत होते. मी कललो, सरळ झालो, पुन्हा कललो, पण त्यांचा एकही शब्द सांडू दिला नाही. तेवढ्यात पलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला, "ऐकतेय मी. दादांची बोट निघालीय. धीर सोडू नका."

थोरल्या भावाने दोर टाकून आम्हाला ओढून आणलं. धक्क्याला लागल्यावर ते टपावर चढले आणि स्वतःच्या रुमालाने माझ्या अंगावरचं मीठ पुसलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आता माझं कवच पिवळं पडलंय, पण आवाज खणखणीत आहे. मित्रांनो, अँटेना निवडताना शेजारची बोट नको, आपली होडी बघा. मग त्याला उंच जागा द्या, पायाशी साचलेलं मीठ गोड्या पाण्याने धुवा आणि शर्ट कृपा करून दोरीवर वाळत घाला. रोज बंदराकडे वळताना मालक काही काम नसतानाही वायरलेस उचलतात आणि विचारतात, "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," असं उत्तर आलं, की मी आणखी ताठ उभा राहतो.