वैनगंगेच्या अलीकडचे आर्य

त्र्यंबकराव खानझोडे सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढून १९९६ साली निवृत्त झाले, आणि दीड वर्षाच्या आत त्यांना कळलं की आपण उत्तर ध्रुवावरून आलो आहोत.

हे कळलं टपालाने. एका इंग्रजी मासिकातली जाहिरात पाहून त्यांनी ऑस्ट्रियातल्या एका गूढविद्या मंडळाला पत्र टाकलं होतं. तिकडून पुस्तिका येऊ लागल्या. पृथ्वीवर आजवर पाच मानववंश झाले, तिसऱ्याला हाडंच नव्हती, चौथा खंडासकट समुद्रात बुडाला, आणि पाचवा, म्हणजे आर्य, ध्रुवावरून तेजाने लखलखत खाली उतरला, असं त्यांत होतं. त्र्यंबकराव बालाघाटच्या आपल्या घरात बसून त्याचं मराठी करत आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बैठकीच्या खोलीत चार-पाच जणांना वाचून दाखवत. लामत्याचे निवृत्त पटवारी खेमराज बिसेन बसने येत. वैनगंगेपलीकडच्या खैरलांजीचे धान पिकवणारे टिकाराम पटले मोटरसायकलवर येत.

त्र्यंबकरावांच्या पत्नी कालिंदीबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला होता.

"अहो, आर्य हे विद्वानांनी भाषांच्या एका कुळाला दिलेलं नाव," त्या म्हणत. "ते रक्ताला चिकटवलं युरोपातल्या लोकांनी. मग असल्या मंडळांनी त्यात ध्रुव घातला, तेज घातलं. जर्मनीत त्याचं पुढे काय झालं ते नववीच्या पुस्तकात आहे."

"हे नववीच्या पुढचं आहे," त्र्यंबकराव म्हणत.

सातवी पुस्तिका आली ती फेब्रुवारीत. त्र्यंबकराव नेहमीप्रमाणे शब्दकोश घेऊन बसले आणि चौथ्या परिच्छेदाशी थांबले. जी शाखा हिंदुस्थानात उतरली तिचं तेज तिथल्या काळ्या लोकांत मिसळून नासलं, असं तिथे लिहिलं होतं. आजचा हिंदू म्हणजे विझलेला कोळसा. त्यांनी 'नासलं' या अर्थाचा इंग्रजी शब्द कोशात दोनदा पाहिला. दुसरा, जरा बरा अर्थ निघेना.

तीन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या हाडं नसलेल्या वंशात आपण कामवाल्या मैनाबाईला आणि उकव्याच्या जंगलातल्या समस्त आदिवासींना बिनधास्त बसवून मोकळे झालो होतो, तेव्हा भूक कधी मेली नव्हती, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भाषांतरात 'हिंदुस्थानात' खोडून 'नर्मदेच्या दक्षिणेला' असं लिहिलं. मग आठवलं की बालाघाट नर्मदेच्या दक्षिणेलाच आहे. नर्मदा खोडून गोदावरी केली, तर कालिंदीबाईंचं माहेर गोदावरीच्या पलीकडे. शेवटी त्यांनी लिहिलं, 'एका मोठ्या नदीपलीकडे गेलेली शाखा नासली.' आणि गुरुवारी तसंच वाचलं.

"कोनती नदी, साहेब?" टिकारामांनी विचारलं.

"नाव दिलेलं नाही."

"मोठी नदी म्हनजे वैनगंगाच होय," खेमराज म्हणाले. "आन पलीकडे म्हनजे तुमचं खैरलांजी."

"काहून? आमच्या इकडून पाहा, तं लामता पलीकडे हाय."

"वाचून कुठं राह्यले? बालाघाटात. मंग अलीकडे म्हनजे आमीच."

टिकाराम उठून उभे राहिले. "आपन एकाच जातीचे, तुमचे पुरखे आन आमचे पुरखे धार शहरातून संगच आले. नदी ओलांडतानी एका डोंग्यात बसले असतील. मंग तुमचे तेवढे चोखे आन आमचे नासले?"

"डोंग्यात चोखेच असतील. उतरल्यावर तिकडं काय झालं, मले का मालूम?"

"ये तो हद हो गई!" टिकाराम ओरडले. बाकीचेही आपापली गावं कोणत्या तीरावर आहेत ते सांगू लागले. मैनाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"बाई, नदीपलीकडं कोन अडकलं जी?" त्यांनी आत विचारलं. "पूल तं चालू हाय नं?"

कालिंदीबाई आतून आल्या त्या मूळ पुस्तिका हातात घेऊन. नवऱ्याकडे न पाहता त्यांनी चौथा परिच्छेद सावकाश मराठीत सांगितला.

"म्हनजे दोन्ही तीर?" खेमराजांनी विचारलं.

"दोन्ही. आणि हे घरसुद्धा."

"साहेब," टिकाराम हळूच म्हणाले, "तुमाले मालूम होतं. आमाले भांडू देल्लं."

चहा तसाच राहिला. टिकारामांनी खेमराजांना मोटरसायकलवर मागे बसवून बसस्टँडवर सोडलं. पुढच्या गुरुवारी कोणीच आलं नाही.

त्र्यंबकरावांनी मग ऑस्ट्रियाला तीन पानी पत्र लिहिलं, खात्यातल्या शिस्तीत. पुस्तिका क्रमांक सात, परिच्छेद चार, कृपया दुरुस्ती व्हावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. आतल्या वर्तुळाच्या सदस्यत्वाचा एक छापील अर्ज होता, आणि त्यात दोन्ही आजोबांच्या डोळ्यांचा रंग विचारला होता.

त्यांनी पेन काढलं. कालिंदीबाई समोर मटार सोलत होत्या.

"आईकडच्या आजोबांना मी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "आणि घरच्या आजोबांना पाहिलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. रंग असा आठवतच नाही."

"मग पांढरे लिहा," कालिंदीबाई म्हणाल्या. "त्या लोकांना आवडेल."

त्र्यंबकरावांचे ओठ थरथरले. आता हे चिडणार असं कालिंदीबाईंना वाटलं, पण ते हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मटारांची परात थोडी आपल्याकडे ओढली.