फाटक्या परांचा मासा

बागबाजारच्या त्या बंगाली घरात विधवेच्या खोलीत मासे आले, त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्या काळी नवरा गेला की बाईच्या ताटातला मासा त्याच दिवशी जायचा. विभावतीचाही गेला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. गच्चीलगतची खोली, वेगळी चूल, दिवसातून एकदा भात. खाली विळीवर रोहू कापला जायचा, मोहरीचा वास जिन्याने वर चढायचा आणि ती दार लावून घ्यायची.

अशी तीन वर्षं गेली. मग एका सकाळी तिने माळ्यावरची काचपेटी खाली काढली. दीड हात लांब, लोखंडी चौकटीची. सोडा लावून ती घासत बसली होती तेवढ्यात सासूबाई जिना चढून आल्या.

"हे काय गं?"

"मासे ठेवणार आहे, मा."

"शुद्धीवर आहेस ना? सोवळ्याच्या चुलीशेजारी मासे?"

"खाणार नाही. बघणार आहे. बघायला कुठं बंदी आहे?"

सासूबाईंनी अट घातली. "एक जरी मेला, तर मेलेला मासा तुझ्या खोलीत, म्हणजे विटाळ. त्याच दिवशी पेटी जाईल. ऐकलंस?"

विभावतीने ऐकलं.

मासे आणायला धाकटा दीर परितोष हातीबागानच्या रविवारच्या बाजारात गेला. मनाने सोन्यासारखा माणूस. पण मासा निवडायची त्याला एकच रीत ठाऊक होती, घरातल्या साऱ्या पुरुषांना ठाऊक होती तीच. जो जास्त उसळी मारील तो उत्तम. मातीच्या हंडीतून त्याने चार पट्टेवाले टायगर बार्ब आणले, आणि शोभेला म्हणून लांब रेशमी परांचे दोन एंजल.

"बघा बौदी, काय तडफ आहे एकेकाची!" तो वहिनीला म्हणाला.

"ठाकुरपो, रस्सा करायचाय का यांचा?" विभावतीने दिराला विचारलं.

चौथ्या दिवशी एका एंजलचे पर चिंध्या झाले होते. बार्ब यायचे, लचका तोडायचे आणि पळायचे. तो बिचारा कोपऱ्यात, शेवाळाआड उभा. विभावती दिवसभर काचेवर बोट आपटून त्यांना हाकलत राहिली. रविवारी तिने सगळे मासे हंडीत भरले आणि पायऱ्या उतरली.

"कुठं निघालीस?" सासूबाईंनी हटकलं.

"मासे बदलायला."

"बाजारात? या पांढऱ्या लुगड्यात? लोक काय म्हणतील!"

"रंगीत द्या, ते नेसून जाते."

बाजारात तिने पेटीचं माप सांगितलं. निवारण नावाचा म्हातारा मासेवाला हंडीत डोकावला आणि कपाळाला हात लावला. "हे कुणी निवडले, दीदी?"

"माझ्या दिराने."

"जेवणारा माणूस दिसतोय."

विभावती भर बाजारात हसली.

"हे बार्ब मोठ्या घोळक्यात असले की आपसात भांडतात," निवारण म्हणाला. "चारच असले, की मग जो संथ, ज्याचा पदर लांब, त्याच्या मागे लागतात. आणि एंजल वाढतो हो. दीड हातात मावणार नाही, पुढं लहानग्यांना गिळेल."

"मग एकत्र कोण नांदेल?"

"वर फिरणारे, मधे फिरणारे, तळाला राहणारे, असे घ्या, म्हणजे वाट अडत नाही. आणि कुणाचं तोंड दुसऱ्याला गिळण्याएवढं नको. वर लाल खलशांची एक जोडी, पण नर एकच हं, दोन आणलेत तर मारामारी. मधे सहा दानियो. तळाला एक गुतुम, तो वाळूत तोंड खुपसून पडून राहतो. बस. सातवा दानियो मागितलात तरी देणार नाही."

"पण हे तर आमच्या तळ्यातले मासे!"

"म्हणून तर जगतील."

बार्ब आणि धडधाकट एंजल त्याने परत घेतले आणि बदल्यात नऊ नवे दिले. फाटका मात्र बाजूला सारला. "हा कोण घेणार? गटारात सोडून द्या."

"हा माझ्याबरोबर येतो."

"मरेल, दीदी."

"मरेल तेव्हा मरेल. गटारात नाही."

घरची अट तिला पाठ होती. तरी तिने तो हंडीत घेतला.

अठरा दिवस तो जगला. शेवटी शेवटी बोटाजवळ येऊन खायचा. मग एका सकाळी पाण्यावर आडवा तरंगताना दिसला. गच्चीच्या कठड्याखाली राखेचा ढीग होता. वरून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि क्षणभर विभावती कठड्याशी गेलीही. मग तशीच तळहातावर घेऊन खाली आली. अंगणात विळ्या मांडून बायका रोहू साफ करत होत्या.

"मा, एक मेला."

सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "हातात धरलास? विधवा असून?"

"तुमच्या परातीत आहे तसाच हा. फक्त माझ्या ओळखीचा."

"अट आठवते का?"

"आठवते. पेटी जाणार नाही."

"परितोष! जा, खाली आण ती."

परितोष वर गेला आणि हात हलवत परत आला. "मणभर वजन आहे, मा. जागची हलत नाही."

"मग पाणी उपस!"

त्याने बादली उचलली. विभावती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. "उपस, ठाकुरपो. वर नऊ जिवंत आहेत. हा आपला आपण मेला, मा. ते नऊ तुम्ही मारलेले असतील."

परितोषने आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"तोंड फार सुटलंय तुझं," सासूबाई म्हणाल्या. आवाज मात्र मघासारखा चढला नाही.

"तीन वर्षं बंद होतं."

विभावतीने सगळ्यांदेखत जास्वंदीच्या बुंध्याशी माती उकरली, मासा पुरला आणि हात धुतले.

"आंघोळ तरी कर, बाई!"

"संध्याकाळी करीन. रोज करते तेव्हा."

ती वर गेली. चिमूटभर खाद्य पाण्यावर सोडलं. खलशे आधी आले, मग दानियोंची झुंबड उडाली. खोलीचं दार तिने सताड उघडं ठेवलं. जिना चढणाऱ्याला पहिल्यांदा काचपेटीच दिसावी, असं.