कडू साखर आणि चोरखिसा

रस्त्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात माणसंच माणसं, आणि सगळी खोकणारी. वर साखरबाबा बसलेले. अंगात पांढरा झगा, पुढ्यात डबा. चिमूटभर साखर जिभेवर ठेवायचे आणि ठसक्यात सांगायचे, "ताप कडू असतो, लेकरा! साखर कडू लागली की समज, ताप तिच्यात उतरला. दर सहा तासांनी घे."

साखर खरंच कडू लागायची आणि तासाभरात ताप खरंच उतरायचा. मग काय! लोक पाया पडायला वाकायचे आणि तिथंच शिंकायचे.

मी शिंपीण. तो झगा मीच शिवलेला. माप देताना बाबा हळूच म्हणाले होते, "आतून एक खिसा ठेवा. खोल." संसार सोडलेल्या माणसाला चोरखिसा कशाला, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात वळवळत होता.

माझा थोरला भाऊ, दादा, बाबांचा पक्का भक्त. वहिनीला फ्लू झाला तर यानं साखरच आणली. चौथ्या दिवशी वहिनी उठून बसली आणि दादाला आकाश ठेंगणं झालं. सहाव्या दिवशी पुन्हा हुडहुडी भरून ताप, बेडका गंजाच्या रंगाचा. बाबांचा निरोप आला, "जुना ताप मुळासकट निघतोय. साखर वाढवा."

वहिनीचा ब्लाउज माझ्याकडे अडला होता. मापाच्या निमित्तानं टेप घेऊन गेले. "वहिनी, श्वास भरून घे." रोज दहा जणींची छाती मोजते मी; टेप इंच-दीड इंच सरकतेच. इथं जेमतेम पाव इंच! घड्याळ लावलं तर मिनिटाला चौतीस श्वास. ओठ निळसर.

"दादा, गाडी बोलाव!"

"अगं, साखर वाढवल्यावर ताप तर उतरलाय."

"ताप उतरलाय, पण बायको चाललीय तुझी! ऊठ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाकातला नमुना तपासला. फ्लूच निघाला, तरी त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. दादा लगेच म्हणाला, "मग एक्स-रे कशाला? एका म्यानात दोन तलवारी राहतात का?"

"म्यानात नाही, फुप्फुसात राहतात," बाई म्हणाल्या. "फ्लूनं दार मोडलं, मागून जंतू घुसले. बरं वाटून पुन्हा ताप चढला, तेव्हाच यायचं होतं."

एक्स-रेत उजवं फुप्फुस खाली पांढरं. रक्त आणि बेडका तपासायला गेला, पण निकालासाठी औषध थांबलं नाही. फ्लूचं वेगळं, न्यूमोनियाचं वेगळं. मग दादाच्या खिशातल्या पुडीतली साखर बाईंनी जिभेला लावून तोंड वाकडं केलं. "ही तर कुटलेली तापाची गोळी! ताप झाकला, रोग आत वाढला."

मी तडक जिना चढले. "बाबा, शिवण उसवलीय, टाका घालते." ते नको नको म्हणेपर्यंत खिसा उलटा! गोळ्यांची पाकिटं धडाधड पडली.

"ही... ही माझ्या तापासाठी," बाबा चाचरले.

रांगेतली एक आजी कडाडली, "मग मेल्या, साखर का नाही खाल्लीस?"

जिना हसून हसून पुन्हा खोकू लागला.

नऊ दिवसांनी वहिनीनं श्वास भरला आणि टेप सव्वा इंच सरकली. दादा ढसाढसा रडला. वहिनी म्हणाली, "रडताय काय? ब्लाउजची शिलाई द्या!"

तेव्हा मंडळी, ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. बरं वाटून पुन्हा ताप आला, धाप लागली, तर बाबाच्या पायऱ्या चढू नका. श्वास मोजा आणि दवाखाना गाठा.