मम्मी आत गेली

लुंबिनी सात वर्षांची असताना उमरीच्या बाजारात एका गोऱ्ह्यानं तिला शिंगावर घेतलं होतं. तेव्हापासून साधी शेळी दिसली तरी ती रस्ता बदलायची. गेल्या महिन्यात तिची चार वर्षांची लेक धम्मजा शेळी पाहून आईमागं लपली आणि ते लुंबिनीच्या मनाला लागलं. देवणीजवळ एक फार्म होतं, तिथं पोरांना जनावरांशी खेळू देत. तिथं जायचं तिनंच ठरवलं.

वासरांच्या कुंपणापाशी नवरा, संघपाल, म्हणाला, "तू थांब इथं. मी नेतो तिला."

"न्हाई. आधी मी जाते."

वासरं सांभाळणाऱ्या कस्तुराबाईंनी फाटक उघडलं. "समोरून नका जाऊ, ताई. बाजूनं जा आन् गळ्याखाली खाजवा."

लुंबिनी आत गेली. वासरानं मान वळवली तशी ती दोन पावलं मागं सरली.

"मम्मी, ये बाहेर!" धम्मजा रडवेल्या आवाजात ओरडली.

"येते. पण आधी हात लावते."

ती पुन्हा पुढं झाली. गळ्याखालच्या मऊ, लोंबत्या कातडीवर तिनं हात ठेवला आणि काढला नाही. वासरानं डोळे मिटून मान उंच केली. लुंबिनीच्या कपाळावर घाम आला होता, पण ती खाजवत राहिली.

"तुला भ्या वाटून राहिलं का?" धम्मजानं कुंपणाबाहेरून विचारलं.

"हाव, लई. ये, दोघी मिळून खाजवू."

धम्मजानं बापाचं बोट सोडलं आणि ती फाटकातून आत आली.