डांबरगोळ्या

बोटाच्या टोकावर चंदेरी भुकटी… इतकीशी, आणि ती जिच्या अंगाची होती ती कसर केव्हाच ट्रंकेच्या बिजागरीमागे पसार — तीन शेपट्या, मासोळीसारखी एक वळवळ, की गेली. सुमेधाने बोट परकराला — छे, आता साडीला — पुसलं नाही. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं, काय सुंदर, काय सुंदर म्हणून. पण दुसऱ्या हातात पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेला एक कागद होता, आणि त्या कागदाची चाळण झाली होती.

"सुमे, मिळाला का गं माझा दाखला?" आई स्वयंपाकघरातून. "अकराला कल्याणात पोचायचंय!"

"शोधत्येय!"

खोटं. मिळालाय… पण मिळाला तरी कसा म्हणू? 'कु. गोदा' एवढंच वाचता येतंय, पुढचं आडनाव खाल्लेलं, मग १९३३, मग 'फायनल' — म्हणजे मराठी सातवीची परीक्षा — आणि खाली 'उत्तीर्ण'. आईचं नाव तर सुमती! म्हणजे हा दुसऱ्याच कुणाचा — आणि एवढ्यानेच तिला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच लाज वाटली.

कारण गोळ्या मी काढल्या होत्या.

जूनमध्ये वर्गात ताडकन उठून तीच म्हणाली होती, "कीटक म्हटला की पंख आलेच!" — मागच्या वर्षापर्यंत 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, तीच. "पिसूला कुठे आहेत?" देवस्थळीबाई म्हणाल्या. "नाहीत, पण तिच्या पूर्वजांना होते, मागाहून गेले. कसरीला मात्र कधी नव्हतेच." आणि ठाण्याच्या प्रदर्शनातलं बिनपंखी कीटकांचं टेबल तिला देऊन टाकलं. मग काय! कुंडीतल्या ओल्या मातीतले, पोटाखालचा चिमटा सोडून उडी घेणारे, तिळाहून लहान — एक बाटली. मुंब्र्याच्या डोंगरावर दगडाखाली सापडलेला, पांढरा, आंधळा, दोन शेपट्यांचा — दुसरी. तिथलाच पाठीला कुबड असलेला, टणकन उडणारा — तिसरी. आणि कसर. कसरीचं पिल्लू दिसायला थेट मोठ्या कसरीसारखं, मधे अळी नाही, कोश नाही. मोठी झाली तरी ती कात टाकायची थांबत नाही, मरेपर्यंत… हे दाखवायचं तर लहान, मधली, मोठी, सगळ्याच हव्यात. म्हणून श्रावणात, आई दुपारी पडली की, ट्रंकेतून रोज एक डांबरगोळी. "अगं बाई, गोठाच बांधलास की कसरींचा," मंदाकिनी वर्गात म्हणाली होती, "दूधही काढत्येस का?" दोघी हसून हसून बाकावर लोळल्या होत्या.

कंपासपेटीत आहेत अजून, सगळ्या.

आई पदराला हात पुसत आलीच. नवी इस्त्रीची साडी, सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागायला निघालेली — प्राथमिक शाळेत बाईंची जागा, तीही एकच.

"हा… कुणा गोदाचा आहे," सुमेधा म्हणाली.

"माझाच. गोदा मीच." आईने दाखला उजेडात धरला, भोकांतून ऊन तिच्या गालावर ठिपक्याठिपक्यांनी पडलं. "आत्याबाईंचं नावही तेच होतं ना, एका घरात दोन गोदा नकोत म्हणाले. लग्नातच बदललं." मग हळूच, "कसर. डांबरगोळ्यांचं असंच गं, विरून जातात नि कळत नाही. माझंच चुकलं, मधे एकदा पाहायला हवं होतं."

आता बोल. आत्ता. वर्गात बोलतेस ना?

"तू का गं तोंड पाडलंस? आहे तसा दाखवते. गोदा आहे, उत्तीर्ण आहे." आई हसली, पण कागद वर्तमानपत्रात गुंडाळताना तिची बोटं त्या खाल्लेल्या आडनावावर जरा रेंगाळली. "नाही म्हणाले तर नाही."

चपलांचा आवाज चाळीच्या जिन्यावरून खाली गेला. चौथ्या बाटलीची चिठ्ठी कालच लिहून ठेवली होती, टपोऱ्या अक्षरात — पंख: कधीच नव्हते. किती खात्रीने लिहिलं होतं! आणि आईचे?… होते आणि गेले, की… पण गेले म्हणजे आपोआप जातात का? कुणी रोज दुपारी एकेक… नाही, तसं नाही, आईने तर सतरा वर्षांपूर्वीच… पण दाखला होता ना तोवर, शाबूत होता ना, श्रावणापर्यंत… तिला काही नीट लावता येईना.

तिने कंपासपेटी उघडली. तो उग्र, स्वच्छ वास. गोळ्या जरा बारीक झालेल्या — इथेही त्या विरतच होत्या.

संध्याकाळी आई येईल. तालीम म्हणून तिने म्हणून पाहिलं, रिकाम्या खोलीत, वर्गात उठून बोलते तस्संच, खणखणीत: "गोळ्या मी काढल्या."

किती छान आवाज लागला होता! अगदी बक्षीस मिळावं असा. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, या खेपेला हळू — आणि तो ना वर्गातला आवाज होता, ना मागच्या वर्षीचा; कुणाचा, ते तिला कळेना.