मेलेल्या टाकीत प्राण

जावा बेटावरच्या क्लातेन गावात, बाजारामागच्या पटांगणात सकाळी आठलाच मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो गॅसची तीन किलोची हिरवी टाकी कडेवर घेऊन उभा, जणू पोराला लस टोचायला आणलंय.

मंचावर म्बाह गोंदो. म्बाह म्हणजे आजोबा. या आजोबांचं वय चाळीस, दाढी मात्र सत्तरची. शेगडी मिणमिणत विझली, की ते टाकीवर मोगऱ्याचं पाणी ओतत आणि काहीबाही पुटपुटत. मिनिटभरात निळी ज्योत फुरफुरत उभी!

“दुकानदार भाव वाढवतो, मी टाकीचं आयुष्य वाढवतो!” म्बाह गरजले. “सात दिवस टाक्या माझ्या स्वाधीन करा. पाताळातल्या अग्नीशी सोयरीक जुळवून देतो. मग जन्मभर गॅस विकत घेणं नको!”

कडेला उभ्या ट्रकमध्ये साठेक टाक्या सोयरिकीला निघाल्या होत्या. त्यांतल्या दोन बू लास्मीच्या, म्हणजे लास्मीबाईच्या. ती बाजारात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकायची.

तिचा नवरा पाक मारसुदी, म्हणजे मारसुदीराव, कपाळाला हात लावून उभा होता. तीस वर्षं बाजारातले काटे तपासून तो निवृत्त झाला होता.

“अगं, रिकामी टाकी दिल्याशिवाय दुकानदार भरलेली देत नाही. या दोन्ही गेल्या तर उद्या टेंपे काय उन्हात तळणार?”

“तुम्ही गप्प बसा. महिन्यात तीनदा भाव वाढला, तेव्हा काय केलंत? घरात बसून चिडलात!”

हे खरं होतं, म्हणून त्याला जास्तच झोंबलं. तो तडक बटाटेवाल्याकडे गेला, त्याचा काटा उचलला आणि मंचावर चढला.

“म्बाह, प्राण फुंकण्याआधी वजन करू द्या.”

“वेड्या, श्रद्धेचं वजन होत नाही!”

“श्रद्धा राहू द्या. टाकीचं करतो.”

लोक हसले. म्बाहना नाही म्हणता येईना.

टाकीच्या गळ्यावर रिकामं वजन कोरलेलं होतं: पाच किलो. काट्यावर भरलं पाच किलो तीनशे ग्रॅम. म्बाहनी पाणी ओतलं, ज्योत उसळली. मारसुदीने ती अर्धा तास जळू दिली आणि टाकी पुन्हा काट्यावर ठेवली. पाच किलो दोनशे.

“नवा गॅस आला असता तर वजन वाढलं असतं. हे घटलं! जळला तो आतलाच. संपत आली की टाकी गार पडते, तळाशी उरलेला गॅस वर यायचं नाव घेत नाही. ऊब मिळाली की उठतो. हात घाला त्या पाण्यात!”

एका बाईने बोट बुडवलं. “अगो बाई, कोमट आहे की!”

मारसुदीने दुसरी टाकी तोलली. बरोबर पाच किलो. “आता हिच्यात प्राण आणा.”

म्बाहनी अख्खी बादली रिकामी केली. ज्योत नाही.

“इथे कुणीतरी अपवित्र माणूस उभा आहे!”

“आहे ना,” बू लास्मी खालून ओरडली, “मंचावर!”

तेवढ्यात ट्रक सुरू झाला. बू लास्मी धावली आणि थेट चाकापुढे उभी राहिली. “आधी माझ्या टाक्या उतरव, मग जा पाताळात!” लोक ट्रकवर तुटून पडले. त्या गडबडीत म्बाह दाढीसकट पसार झाले.

मारसुदीला वाटलं, चला, डोळे उघडले. इतक्यात एका म्हाताऱ्याने बाटली पुढे केली. “ते पाणी पोटदुखीवर चालेल ना हो?”

मारसुदी मंचावरच बसला.

“काका, पोटदुखीला डॉक्टर आहे. आणि ऐका सगळ्यांनी. ऊब म्हणून कुणी टाकी विस्तवावर ठेवाल, तर घरासकट उडाल. गॅस वाचवायचाय? पातेल्यावर झाकण ठेवा. टाकी घेताना तोलून घ्या, आठ किलोला कमी भरली तर परत करा. दुकानदार छापील भावापेक्षा जास्त मागत असेल तर का मागतो ते विचारा. एकेकट्याने नको, सगळे मिळून. मी निघालोय, कोण येतंय?”

“दुकानदार चिडेल,” कुणीतरी म्हणालं. कुणाला एकदम घरची कामं आठवली. पाचशेंच्या गर्दीतून पाच जण निघाले, त्यांत बू लास्मी सर्वांत पुढे.

दुकानदार खरंच चिडला. मग पाचही जण दारातून हलेनात, तेव्हा त्याने छापील भाव लावला. त्या पाचांना. बाकीच्यांनी विचारलंच नव्हतं.